आयर्लंडमधील जन्मसिद्ध नागरिकत्वाचा वाद

आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला, त्याचे आईवडील कोणत्याही देशाचे असोत आणि तेथे कोणत्याही परवान्यावर वा परवान्यावाचून राहत असोत, आपोआप नागरिकत्व मिळावे की नाही, या प्रश्नावरून आयर्लंड प्रजासत्ताकात विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला सार्वजनिक वाद. ११ जून २००४ रोजी झालेल्या सार्वमताने संविधानात सत्ताविसावी दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २००५ पासून जन्माच्या आधारे मिळणारे विनाअट नागरिकत्व संपले. तोवर युरोपीय संघातील अन्य कोणत्याही देशात असे विनाअट नागरिकत्व उरलेले नव्हते. ब्रिटननेही ते १९८३ च्या आरंभी बंद केले होते. कायदा बदलून दोन दशके उलटली तरी वाद मिटलेला नाही. प्रश्न नागरिकत्वाच्या एका नियमाचा असला, तरी त्याचे मूळ या बेटाच्या फाळणीत असल्याने प्रथम त्या इतिहासाकडे पाहावे लागते.

१९२२ मध्ये बेटाच्या बत्तीसपैकी सव्वीस परगण्यांचे स्वतंत्र राज्य झाले आणि उत्तरेकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. उत्तरेत जन्मलेला, स्वतःला आयरिश मानणारा माणूस कायद्याने कोण, हा प्रश्न डब्लिनमधील राज्यकर्त्यांना सतत छळत राहिला. १९५६ च्या नागरिकत्व कायद्याने आयर्लंडमध्ये जन्मलेली व्यक्ती जन्मतःच नागरिक ठरवली आणि उत्तरेत जन्मलेल्यांसाठीही वाट ठेवली. तेव्हा बेटावर येणाऱ्यांपेक्षा बेट सोडून जाणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असल्याने या तरतुदीचा लाभ परदेशी आईबाप घेतील, असे कोणाच्या मनातही आले नसावे. पुढे १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने उत्तरेतील तीस वर्षांच्या हिंसाचाराला आवर घालताना आयर्लंडने उत्तरेवरील आपला घटनात्मक प्रादेशिक दावा सोडला आणि त्याच्या बदल्यात माणसांविषयीचे एक वचन संविधानात आणले. नव्या दुसऱ्या अनुच्छेदाने बेटावर, त्याच्या लगतच्या छोट्या बेटांवर आणि समुद्रात जन्मलेल्या प्रत्येक व्यक्तीला आयरिश राष्ट्राचा घटक असण्याचा जन्मसिद्ध अधिकार दिला. २२ मे १९९८ च्या सार्वमतात ९४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी याला संमती दिली आणि डिसेंबर १९९९ मध्ये हा अनुच्छेद अमलात आला. जे आजवर साध्या कायद्यात होते, ते आता संविधानात गेले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, संसदेला ते परस्पर बदलता येणार नव्हते, त्यासाठी जनतेकडेच जावे लागणार होते.

त्याच सुमारास देशाचे चित्र पालटले होते. नव्वदीच्या दशकातील आर्थिक भरभराटीमुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर धाडणारा हा देश माणसे बोलावू लागला. १९९२ मध्ये आश्रयासाठी अवघे ३९ अर्ज आले होते, २००२ मध्ये ते ११,६३४ झाले. त्यांत नायजेरिया आणि रुमानिया येथून आलेल्यांचा भरणा मोठा होता. आश्रय मागणाऱ्यांना २००० पासून ‘डायरेक्ट प्रोव्हिजन’ नावाच्या व्यवस्थेखाली सरकारी वसतिगृहांत ठेवले जाऊ लागले. तेथे राहणे-जेवणे फुकट, नोकरी करण्यास मनाई आणि प्रौढ व्यक्तीला हातखर्चासाठी आठवड्याला १९ युरो १० सेंट अशी ती व्यवस्था होती. या वादात ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्द सैलपणे वापरला गेला, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेली व्यक्ती त्या काळापुरती कायदेशीरपणेच देशात असते. अर्ज फेटाळला गेल्यावर थांबलेले, व्हिसाची मुदत संपूनही राहिलेले आणि विद्यार्थी परवान्यावर येऊन पूर्णवेळ काम करणारे यांची स्थिती वेगळी. परंतु चौकाचौकांतील चर्चेत हे सगळे एकाच शब्दाखाली आले.

मुलाच्या नागरिकत्वाचा आईवडिलांना काय उपयोग, याचे उत्तर न्यायालयाच्या एका निर्णयात होते. १९९० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, आयरिश नागरिक असलेल्या बालकाला आपल्या आईवडिलांच्या सहवासाचा आणि सांभाळाचा घटनात्मक हक्क आहे, त्यामुळे सबळ कारणाखेरीज त्यांना देशाबाहेर काढता येणार नाही. सरकारने याचा सोयीचा अर्थ लावला आणि आयरिश मूल दाखवले की निवासाची परवानगी, असा जवळपास शिरस्ताच पडला. १९९६ ते २००३ या काळात सुमारे साडेदहा हजार जणांना या आधारावर राहू दिले गेले. जन्मलेल्या मुलाचा उल्लेख सरकारी कागदपत्रांत ‘आयरिश बॉर्न चाइल्ड’ असा होई. ज्या देशात प्रत्येक नागरिक आयरिशच असतो, तेथे काही मुलांपुरता हा वेगळा शिक्का का लागावा, हा प्रश्न तेव्हाच्या टीकाकारांनी विचारला आणि तो अस्थानी नव्हता.

२३ जानेवारी २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अरुंद केली. चेक प्रजासत्ताकातून आलेले, रोमा या अल्पसंख्य समाजातील एक कुटुंब आणि एक नायजेरियन वडील यांच्या प्रकरणांत पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने असा निर्णय झाला की, नागरिक बालकाचा हक्क निरपवाद नाही आणि स्थलांतर व आश्रय व्यवस्थेची शिस्त राखण्यासाठी सरकार अशा पालकांना परत पाठवू शकते. निर्णयानंतर काही आठवड्यांतच सरकारने या आधारावरील अर्जांचा स्वतंत्र मार्ग बंद केला. त्या वेळी अकरा हजारांहून अधिक अर्ज पडून होते. म्हणजे सार्वमताची घोषणा झाली तेव्हा, मूल जन्मले की पालकांना निवास मिळतो, ही वस्तुस्थिती राहिलेलीच नव्हती. सार्वमताच्या विरोधकांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा होता, पण प्रचारात तो फारसा ऐकला गेला नाही.

प्रचाराचे केंद्र डब्लिनमधील प्रसूतिगृहे बनली. रोटंडा, कूम आणि होलिस स्ट्रीटवरील राष्ट्रीय प्रसूतिगृह या तीन जुन्या संस्थांच्या वैद्यकीय प्रमुखाला अजूनही ‘मास्टर’ म्हणतात. रोटंडाची परंपरा तर १७४५ पासूनची. न्यायमंत्री मायकेल मॅकडॉवेल यांनी असे सांगितले की, परदेशी गर्भवती शेवटच्या दिवसांत देशात येतात, त्यांची आधीची वैद्यकीय माहिती उपलब्ध नसते, प्रसूती धोक्यात येते आणि रुग्णालयांच्या प्रमुखांनीच सरकारला काहीतरी करण्याची विनंती केली. त्यावर मास्टरांनी खुलासा केला की, आपण संविधान बदलण्याची मागणी केलेली नव्हती, अडचण खाटा, मनुष्यबळ आणि पैसा यांची होती. मंत्र्यांनी पुढे युक्तिवादाचा रोख थोडा बदलला आणि नागरिकत्वाच्या पावित्र्यावर भर दिला. आश्रय मागणाऱ्या सोळा वर्षांवरील स्त्रियांपैकी ५८ टक्के अर्जाच्या वेळी गर्भवती होत्या, हा सरकारी आकडाही वारंवार पुढे आला. आश्रयार्थींमध्ये तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असल्यावर आणि अनेकींचे पती सोबत वा आधीच देशात असल्यावर या आकड्यातून हेतू किती सिद्ध होतो, यावर मात्र एकमत नव्हते. ‘नागरिकत्व पर्यटन’ हा शब्दप्रयोग याच काळात रूढ झाला.

याच सुमारास युरोपीय न्यायालयापुढे असलेल्या चेन खटल्याने सरकारच्या हाती आयते उदाहरण दिले. एका चिनी उद्योजक दांपत्याने वकिलाच्या सल्ल्याने बाळंतपण बेलफास्टमध्ये करवले. सप्टेंबर २००० मध्ये तेथे जन्मलेली मुलगी आयरिश नागरिक झाली आणि आई तिला घेऊन वेल्समधील कार्डिफला राहू लागली. ब्रिटनने दीर्घ निवासाला नकार दिला. मुलगी युरोपीय संघाची नागरिक आहे, तिच्याकडे आरोग्यविमा आणि पुरेसे पैसे आहेत, म्हणून तिला आणि तिचा सांभाळ करणाऱ्या आईला ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क आहे, असे मत न्यायालयाच्या महाधिवक्त्याने मे २००४ मध्ये दिले आणि न्यायालयाने ते १९ ऑक्टोबर २००४ रोजी उचलून धरले. या कुटुंबाचा आयर्लंड प्रजासत्ताकाशी काडीचाही संबंध नव्हता. जन्म ब्रिटिश अमलाखालील शहरात झाला आणि मागणीही ब्रिटनमध्ये राहण्याचीच होती. उत्तरेतील आयरिश माणसासाठी लिहिलेल्या तरतुदीतून कार्डिफमधील चिनी बाळाला पासपोर्ट मिळाला, ही गोष्ट सामान्य मतदाराला पटवून द्यायला फार कष्ट पडले नाहीत.

मार्च २००४ मध्ये जाहीर झालेले सार्वमत सुमारे तीन महिन्यांत, स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकांच्या दिवशीच घेण्यात आले. फियाना फॉल आणि प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅट्स हे सत्ताधारी पक्ष बाजूने होते. फिन गेलने घाईवर टीका करीत पाठिंबा दिला. मजूर पक्ष, ग्रीन पक्ष आणि शिन फेन यांनी विरोध केला. करारातील वचन पाच वर्षांत एकतर्फी मोडले जात आहे, असा आक्षेप उत्तरेतील राष्ट्रवादी एसडीएलपी पक्षानेही घेतला. त्यावर ब्रिटिश आणि आयरिश सरकारांनी संयुक्त निवेदन काढून प्रस्तावित बदल कराराशी विसंगत नसल्याचे सांगितले. मतदानाचे प्रमाण सुमारे ६० टक्के राहिले. १४,२७,५२० मते, म्हणजे ७९.१७ टक्के, बाजूने पडली आणि एकाही मतदारसंघात नकाराला बहुमत मिळाले नाही. घटनाकारांनी दुसऱ्या अनुच्छेदाला हातही लावला नाही. त्यांनी नवव्या अनुच्छेदात ‘या संविधानात अन्यत्र काहीही असले तरी’ अशा अर्थाच्या सुरुवातीचे एक उपकलम घातले. जन्माच्या वेळी आईवडिलांपैकी एकही आयरिश नागरिक नसेल किंवा तसे होण्यास पात्र नसेल, तर कायद्याने दिल्याखेरीज मुलाला नागरिकत्वाचा हक्क नाही, असे ते कलम आहे. परिणामी अशा पालकांचे बेटावर जन्मलेले मूल राष्ट्राचा घटक असल्याचे एक अनुच्छेद आजही सांगतो, तर ते नागरिक नसल्याचे दुसरा.

डिसेंबर २००४ मध्ये झालेल्या कायद्याने पालकांपैकी एकाने मुलाच्या जन्माआधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षे बेटावर कायदेशीर वास्तव्य केलेले असावे, अशी अट घातली. आयरिश वा ब्रिटिश नागरिक असलेल्या किंवा कायम निवासाचा बंधनमुक्त हक्क असलेल्या पालकाच्या मुलाला ही अट नाही. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा काळ आणि शिक्षणाच्या परवान्यावरचा काळ या तीन वर्षांत धरत नाहीत. डब्लिन, कॉर्क वा लिमरिक येथे नोकरीस गेलेल्या मराठी कुटुंबांना हा नियम प्रत्यक्ष भेटतो: तेथे मिळणाऱ्या निवास नोंदणीपत्रावर ‘स्टँप दोन’ असेल तर पदव्युत्तर शिक्षणाचे ते वर्ष हिशेबाबाहेर जाते, नोकरीच्या परवान्याचा ‘स्टँप एक’ मात्र मोजला जातो. त्यामुळे एकाच आईवडिलांचे थोरले मूल भारतीय आणि धाकटे जन्मतः आयरिश, असेही घडू शकते. १ जानेवारी २००५ पूर्वी जन्मलेल्या मुलांच्या पालकांसाठी सरकारने २००५ मध्ये एक खास योजना काढली. तीत १७,९१७ अर्ज आले आणि १६,६९३ जणांना निवासाची परवानगी मिळाली. प्रचारात ज्यांच्याविषयी इतके बोलले गेले, त्यांतील बहुसंख्यांना अशा रीतीने राहूच दिले गेले.

भूमीचा हक्क आखडला, पण रक्ताचा आखडला नाही. आजी किंवा आजोबा बेटावर जन्मलेले असतील, तर बोस्टन वा ब्वेनोस आयरेसमध्ये वाढलेला नातू आयर्लंडमध्ये पाऊलही न ठेवता नोंदणीने नागरिक होऊ शकतो. दुसऱ्या अनुच्छेदाच्या उत्तरार्धात परदेशस्थ आयरिश वंशजांविषयी विशेष जवळीक व्यक्त केलेलीच आहे. या वादात अमेरिकेतील आयरिशांचा दाखला नेहमी येतो, कारण ऐंशीच्या दशकात व्हिसाची मुदत संपूनही न्यूयॉर्क-बोस्टनमध्ये बांधकामावर आणि घरकामात राबणारे हजारो आयरिश तरुण तेथील कायद्याने बेकायदा होते. त्यांच्यासाठी डब्लिनच्या सरकारांनी वॉशिंग्टनमध्ये खटपटी केल्या आणि ‘मॉरिसन व्हिसा’ योजनेत तीन वर्षांत ४८,००० व्हिसा आयरिशांसाठी राखून ठेवले गेले. त्यांची तेथे जन्मलेली मुले अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे जन्मतःच अमेरिकी नागरिक झाली. भारताशीही येथे एक तुलना सुचते: भारताने १९८७ मध्ये विनाअट जन्मसिद्ध नागरिकत्व बंद केले होते आणि बेकायदा स्थलांतरित पालक असलेल्या मुलाला वगळणारी कडक अट ३ डिसेंबर २००४ पासून, म्हणजे आयर्लंडच्या बदलाच्या महिनाभर आधी, लागू केली.

२०१८ मध्ये डब्लिनच्या दक्षिणेकडील ब्रे या किनारी गावात वादाने पुन्हा डोके वर काढले. चिनी आईच्या पोटी आयर्लंडमध्येच जन्मलेल्या, चीनला कधीही न गेलेल्या नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलाला आईसह देशाबाहेर पाठवण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या शाळेने आणि वर्गमित्रांच्या पालकांनी मोहीम उभारली आणि हजारो लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. अखेर त्यांना राहू देण्यात आले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या इवाना बासिक यांनी बेटावर जन्मून तीन वर्षे तेथे राहिलेल्या मुलांना नागरिकत्व मिळावे, यासाठी वरिष्ठ सभागृहात विधेयक मांडले. त्या वेळी पंतप्रधानपदी असलेले लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराडच्या कुटुंबातले, मुंबईत वाढलेले डॉक्टर. आई आयरिश असल्याने वराडकरांचे नागरिकत्व आजच्या नियमानेही जन्मतःच ठरले असते. सरकारने जन्मसिद्ध हक्क परत आणला नाही. मात्र २०२२ मध्ये चार वर्षे, आणि मुले असल्यास तीन वर्षे, विनापरवाना राहिलेल्यांना कायदेशीर दर्जा देणारी सहा महिन्यांची योजना राबवली गेली आणि २०२३ मध्ये देशात जन्मलेल्या मुलांच्या नागरिकीकरणासाठी लागणारा निवासकाळ पाचवरून तीन वर्षांवर आला.

त्यानंतरचा जनमताचा कल उलट्या दिशेने गेलेला दिसतो. घरभाडी भडकलेली, घरे दुर्मीळ आणि २०२४ मध्ये आश्रयाचे अर्ज साडेअठरा हजारांवर गेलेले, अशा परिस्थितीत डब्लिनच्या ईस्ट वॉल भागापासून लहान गावांपर्यंत आश्रयार्थींच्या निवासाविरुद्ध निदर्शने झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये राजधानीत दंगल उसळली. बहुतेक अर्जदार बेलफास्टहून रस्त्याने येतात, असे न्यायमंत्री हेलन मॅकेन्टी यांनी २०२४ मध्ये सांगितल्यावर चर्चा पुन्हा त्या न दिसणाऱ्या सीमेपाशी आली. तिच्यावर तपासणीनाका नाही, असावा असे दोन्हीकडच्या सरकारांना वाटत नाही, आणि महामार्गावर सरहद्द ओलांडल्याची खूण एवढीच की वेगमर्यादेच्या पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात.