उमऱ्याला निघताय? मेनिंजायटिसच्या दाखल्यावर लशीचा प्रकार लिहून घेतलाय का?

मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या जीवघेण्या आजाराची, लस घेतलेली असते, पैसे मोजलेले असतात, दाखलाही हातात असतो, तरी कागद परत येतो. आमच्या भागातून हजला किंवा उमऱ्याला (मक्केची छोटी यात्रा) जाणाऱ्यांचे कागद मी काही वर्षं बघून देतो आणि दर मोसमात हा प्रकार होतोच. दाखल्यावर 'मेनिंजायटिसची लस दिली' एवढंच लिहून खाली शिक्का ठोकलेला असतो. कुठली लस, कुठला प्रकार, काही नाही.

सौदीच्या आरोग्य खात्याला हवी असते ती या जंतूच्या चार गटांविरुद्धची लस: ए, सी, वाय आणि डब्ल्यू. वय 1 वर्षाच्या पुढे असलेल्या प्रत्येकाला ती लागते. हिचे दोन प्रकार आहेत: पॉलिसॅकराइड (जंतूच्या आवरणातल्या साखरेपासून केलेली) आणि कंजुगेट (तीच साखर प्रथिनाला जोडलेली). कंजुगेट असेल तर दाखला 5 वर्षं चालतो, पॉलिसॅकराइड असेल तर 3. आणि प्रकार लिहिलेलाच नसेल तर? 3 वर्षंच धरतात. चार वर्षांपूर्वी उमरा करून आलेले एक चाचा-चाची हजला निघाले होते. लस महागडी कंजुगेटच घेतली होती, पण दाखल्यावर तो शब्द नव्हता, आणि दवाखाना केव्हाच बंद झालेला. पुन्हा सुई, पुन्हा खर्च. चाची विचारत होत्या, "अरे, पण टोचली ती खरीच होती ना?" खरीच होती. काउंटरवरचा माणूस दंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो.

म्हणून दवाखान्यातून उठण्याआधी दाखला वाचा. लशीचं पूर्ण नाव, कंजुगेट की पॉलिसॅकराइड, बॅच नंबर, टोचल्याची तारीख, पासपोर्ट नंबर, डॉक्टरची सही-शिक्का. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच हवं. 'शेख' आणि 'मोहम्मद' यांची स्पेलिंगं प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो, तेव्हा पासपोर्टची झेरॉक्स डॉक्टरसमोर ठेवा, तोंडी सांगू नका.

दुसरी अडचण दहा दिवसांची. लस सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असावी लागते. हे दिवस लोक व्हिसाच्या तारखेपासून मोजतात, कोणी पैसे भरल्यापासून. मोजायचे ते पोहोचण्याच्या तारखेपासून मागे. 20 तारखेला जेद्दाहला उतरणार असाल तर 10 तारखेनंतर टोचून उपयोग नाही. आणि 10 तारखेपर्यंत थांबायचं तरी कशाला? विमान एक दिवस अलीकडे आलं की गणित कोसळतं. महिनाभर आधी घ्या. हा आकडा कोणा बाबूच्या लहरीचा नाही, लशीनंतर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

सौदी एवढं कडक का, हेही सांगतो, कारण 'आम्ही धडधाकट आहोत, कशाला' असं दर वेळी ऐकायला मिळतं. हा जंतू धडधाकट माणसाच्या नाका-घशात गुपचूप राहतो आणि खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याकडे जातो. 1987 च्या हजनंतर ए गटाची साथ पसरली, तेव्हा ए आणि सी गटांची लस सक्तीची झाली. 2000 साली हजला डब्ल्यू गटाची साथ आली. हाजी घरी परतले आणि त्यांच्यामागून युरोप-आशियातल्या त्यांच्या घरच्यांना आजार झाला. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी नमुने ताडून पाहिले तेव्हा धागा हजपर्यंत पोहोचला. 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत याच गटाची मोठी साथ आली. हजच्या 2000 च्या साथीनंतर सौदीने चार गटांची लस सक्तीची केली ती कायमची. 2024 च्या वसंतातही अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उमऱ्याशी जोडलेले 12 रुग्ण सापडले. त्यांपैकी ज्यांच्या लसीकरणाची माहिती मिळाली, त्यांतल्या एकानेही लस घेतलेली नव्हती.

लहान बाळ बरोबर असेल तर फार आधी जागे व्हा. पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट काम करत नाही, कंजुगेटच लागते. तिच्यातही काही लशींचे 23 महिन्यांपर्यंतच्या बाळाला 2 डोस, मध्ये 3 महिन्यांचं अंतर. तिकीट काढून झाल्यावर बालरोगतज्ज्ञांकडे धावणारे आईबाप मी पाहिलेत. तिथे कोणाचाच इलाज चालत नाही.

पिवळ्या तापाच्या लशीचं केंद्र वेगळं, त्या लशीचा इथे संबंध नाही. 'पिवळं पुस्तक (लसीकरणाचं आंतरराष्ट्रीय कार्ड) हवं' असं कोणीतरी सांगतं आणि माणसं दिवस घालवून परत येतात.

2025 च्या सुरुवातीला 10 फेब्रुवारीपासून उमऱ्यालाही दाखला काटेकोर तपासणार असं सौदीचं परिपत्रक निघालं आणि ऐनवेळी मागे घेतलं गेलं. तेव्हापासून 'आता लस लागत नाही' ही अफवा काही मरत नाही. हजला लागतेच. उमऱ्याचा ताजा आदेश टूरवाल्याकडून लेखी मागा, पण तो काहीही म्हणो, लस घ्या. परिपत्रक मागे घेतलं म्हणून जंतू मागे फिरत नाही.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांची लस जिल्ह्याच्या शिबिरात होते, पोलिओचे थेंबही तिथेच. कार्ड भरून मिळतं, तेही वरच्यासारखंच वाचून घ्या. आणि 'सुई नको, नुसता दाखला देतो' म्हणणारा एजंट भेटला तर उठून या. त्याचे पाचशे वाचतील, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या जिवावर बेतेल.

परतल्यावर कार्ड फेकू नका. आल्यापासून दहाएक दिवसांत स्वतःला किंवा घरात कोणाला अचानक जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, मान ताठणं, उजेड सहन न होणं किंवा अंगावर जांभळट ठिपके दिसले तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा आणि पहिल्याच वाक्यात सांगा, "सौदीहून आलोय." पाठीतलं पाणी तपासायचं ते डॉक्टर त्यावरून ठरवतात, जिल्ह्याच्या साथरोग कक्षाला कळवतात आणि घरच्यांना प्रतिबंधक गोळ्या देतात. तेव्हा विचारतील, लस कधी घेतली, कुठली. त्या वेळी तरी कार्डावर प्रकार लिहिलेला असू द्या.