आंतरराष्ट्रीय कायदा

सार्वभौम राज्यांच्या परस्पर व्यवहारांचे नियमन करणारे नियम. राज्यांना हुकूम सोडणारी वरिष्ठ सत्ता नसल्यामुळे हा कायदा त्यांच्या संमतीवर आणि वहिवाटीवर उभा आहे.

तह ही प्रथा फार जुनी. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानातील हित्ती राज्याचा राजा तिसरा हत्तुसिली यांच्यातील इ. स. पू. 13 व्या शतकातला तह मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे आणि मातीच्या पाट्यांवरही सापडला आहे. दूताला मारू नये, हे कौटिल्यानेही सांगितले. शास्त्र म्हणून मांडणी मात्र युरोपात झाली. तिला चालना मिळाली ती पूर्वेच्या समुद्रातील भांडणामुळे. 1603 मध्ये डचांनी सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचे ‘सांता कातारिना’ जहाज पकडले. त्याचे समर्थन करताना डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने समुद्र कोणाच्याही मालकीचा नसतो, हा सिद्धांत मांडला (1609). रोख होता पौर्वात्य व्यापारावरील पोर्तुगीज मक्तेदारीवर. युद्ध आणि शांततेच्या नियमांवरचा त्याचा ग्रंथ 1625 चा. युरोपातील तीस वर्षांचे युद्ध संपवणारा 1648 चा वेस्टफेलियाचा तह सार्वभौम राज्यव्यवस्थेची सुरुवात मानला जातो.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील 38 वे कलम कायद्याचे मुख्य उगम सांगते : करार, रूढी आणि कायद्याची सर्वमान्य तत्त्वे. निव्वळ वारंवार घडते म्हणून एखादी गोष्ट रूढी ठरत नाही. ती बंधनकारक आहे, अशी राज्यांची धारणाही लागते.

करार आणि रूढी यांतला फरक दादरा-नगर हवेलीच्या खटल्यात फार स्पष्ट दिसतो. 1954 मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांच्या हातून गेला. पोर्तुगालने 19 डिसेंबर 1955 रोजी न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि तीनच दिवसांनी भारताविरुद्ध दावा लावला : आपल्या ताब्यातील दमणहून भारतीय हद्दीतून तिकडे जायची वाट हवी. आधार होता मराठ्यांशी झालेला 1779 चा पुण्याचा तह. पेशवाईतला तह आणि 1783 व 1785 च्या सनदा अशा रीतीने हेगमध्ये वाचल्या गेल्या. मूळ ठराव 12,000 रुपये महसुलाचा होता. मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मान्य केली, हेही नोंदवले. वाटेचा हक्क मिळाला तो जुन्या वहिवाटीमुळे, आणि तोही खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यापुरता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना ब्रिटिश अमदानीतही परवानगी घ्यावी लागे, म्हणून तो हक्क नाकारला. मान्य झालेल्या वाटेचेही नियमन करण्याचा अधिकार भारताला होता, म्हणून वाट अडवून त्याने कोणतेही बंधन मोडलेले नाही, असा निकाल 12 एप्रिल 1960 रोजी लागला.