‘नस’ म्हणजे नेमकं काय? चेतासंस्थेच्या दोन भागांची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कुठल्याही ओपीडीत ‘पाठीत नस दबलीय’ असं रुग्ण म्हणतो आणि सलाईन लावताना ‘नस सापडत नाही’ असं सिस्टरही म्हणते. पहिली चेता, म्हणजे संवेदना आणि हालचालीचे संदेश नेणारी तंतूंची जुडी; दुसरी रक्तवाहिनी. प्राचीन ग्रीकांचा घोळही असाच होता. त्यांच्या ‘न्यूरॉन’ शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदनं केली, तेव्हा कुठे चेता वेगळ्या काढल्या गेल्या.

आतलं (मेंदू आणि मज्जारज्जू) आणि बाहेरचं (शरीरभर पसरलेल्या चेता) यांचा सांधा मात्र १८२२ मध्ये उलगडला. माजांदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या पिल्लांच्या मज्जारज्जूतून निघणारी मुळं कापून पाहिली. मागचं मूळ कापलं की संवेदना जाते, पुढचं कापलं की हालचाल. (ब्रिटिश शल्यविशारद चार्ल्स बेलने १८११ मध्येच पुढच्या मुळाबद्दल लिहिलं होतं, श्रेयाचं भांडण मग बरंच चाललं.) ही मुळं जुळून मज्जारज्जूच्या चेतांच्या ३१ जोड्या होतात; मेंदूच्या चेतांच्या जोड्या १२. मेंदू आणि मज्जारज्जू मध्यवर्ती, बाकी सगळं परिघीय, असं पाठ्यपुस्तक सांगतं.

पण खरा फरक जागेपेक्षा वेष्टनाचा आहे. बाहेरच्या तंतूवर श्वान पेशी (थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाची) मायलिन हे चरबीयुक्त वेष्टन गुंडाळते. एक पेशी, एका तंतूचा एकच तुकडा. आत हे काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाची पेशी करते आणि ती एकटी कित्येक तंतू सांभाळते. तिची ओळख होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये पटवली. चेता तुटली की श्वान पेशी कचरा साफ करून रांगेत उभ्या राहतात आणि नवा तंतू त्या वाटेने रोज साधारण १ मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८ सेंटिमीटर धरले तर सहा महिने. आत ही वाटच तयार होत नाही; उलट तिथलं मायलिन वाढ रोखतं. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या चेतेचा तुकडा पुलासारखा जोडला, तर आतलेच तंतू त्यात सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. म्हणजे दोष तंतूचा नव्हता, शेजाराचा होता.

डोळ्याकडून येणारी दृष्टिचेता मेंदूच्या त्या बारांत मोजली जाते, पण वेष्टनाने ती मध्यवर्तीच. म्हणून ती तुटली की परत वाढत नाही.

याची उलट बाजू वडाळ्यात दिसते. तिथलं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० सालचं. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरने १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू श्वान पेशीत घर करतो आणि त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. मेंदू, मज्जारज्जू त्याच्या तावडीतून सुटतात. सापडते ती कोपरामागची अल्नर चेता, आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी. तपासताना कोपर किंचित वाकवून हाडाच्या खोबणीत बोट फिरवतात, दुसऱ्या हाताच्या चेतेशी जाडी ताडून पाहतात आणि लगेच करंगळीवर हलका स्पर्श कळतो का ते विचारतात.