बंद करून पुन्हा चालू करा

शेजारचे काका एसटीतून निवृत्त झाले तेव्हा मुलाने त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. तेव्हापासून आमच्या मजल्यावरचा बिनपगारी मेकॅनिक मी. परवा हाक आली, ‘अरे, जरा येऊन बघ रे. नुसतं गोल गोल फिरतंय.’

‘काका, रीस्टार्ट केलंत का?’

‘रोज रात्री बंद करतो की! रीस्टार्ट आणखी वेगळं कशाला?’

मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्सवर गेलो, सीपीयू निवडला. खाली बारीक अक्षरांत ‘अप टाइम’ होता: २६:०४:१८:५१. २६ दिवस, ४ तास आणि वर काही मिनिटं. रोज रात्री ‘बंद’ होणारं यंत्र स्वतःच्या हिशेबाने जवळजवळ महिनाभर जागं होतं.

याचं मूळ २०१२ सालच्या विंडोज ८ मध्ये आहे. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, आणि बहुतेक लॅपटॉपवर ते आधीपासूनच चालू असतं. शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बंद होत नाही. तो आहे त्या अवस्थेत डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे नावावरून वाटतं त्याच्या नेमकं उलटं. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं तरी खरंखुरं बंद होतं, पण हे कोण कुणाला सांगणार?

‘म्हणजे गाडी डेपोत लावली, पण इंजिन चालूच ठेवलं म्हण की,’ काका म्हणाले. अगदी तसं नाही. इंजिन बंद होतं, वीजही खात नाही. पण सकाळी गाडी काल ज्या गिअरमध्ये होती त्याच गिअरमध्ये निघते, कालच्या कचऱ्यासकट.

हा कचरा साठतो कुठे? रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत. प्रत्येक प्रोग्रॅम कामापुरती तिथली जागा मागून घेतो आणि काम झाल्यावर त्याने ती परत करायची असते. शेजारून आणलेली वाटी परत द्यायची राहून जाते, तसं प्रोग्रॅमचंही होतं, आणि विंडोजच्या गाभ्यात चालणारे प्रोग्रॅम तर शट डाऊननेही बंद होत नाहीत. एक वाटी राहिली तर कुणाला कळत नाही, पण महिनाभर रोज राहिली की फडताळ रिकामं. जाणकार याला मेमरी लीक म्हणतात. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज तोडली की सगळं गेलं. एरवी ही रॅमची उणीव, पण अडकलेल्या संगणकासाठी तीच दवा.

दुसरा प्रकार घड्याळाचा. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा एक आकडा ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर यायचा आणि यंत्र गोठायचं. बोइंग ७८७ विमानांमध्येही तसंच निघालं. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रणं बंद पडू शकतात, म्हणून त्याआधी वीज एकदा पूर्ण बंद करा, असा आदेश अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये काढला. शेकडो कोटींच्या विमानालाही सल्ला तोच, जो मी काकांना देतो.

हे हसण्यावारी नेता येईल, पण २५ फेब्रुवारी १९९१ नेता येत नाही. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सलग १०० तासांहून अधिक चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की ३ संपतच नाहीत. संगणकाच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत एक दशांशाचं तसंच होतं, कुठेतरी तोडावंच लागतं. प्रत्येक टिकटिकीला नगण्य चूक, पण १०० तासांत ती ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. पेट्रियट आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली, स्कड बराकीवर कोसळलं आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. यंत्रणा फार वेळ चालू ठेवू नका, अशी सूचना आधी गेली होती. ‘फार’ म्हणजे किती, ते मात्र कुणी लिहिलं नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोहोचलं.

रीस्टार्टचा चोरांवरही थोडाफार उपयोग होतो. मे २०१८ मध्ये एफबीआयने घरोघरचे राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, कारण व्हीपीएनफिल्टर नावाचा घातकी प्रोग्रॅम ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत शिरला होता. त्याचा पाया टिकून राहायचा, पण हेरगिरी करणारा भाग फक्त मेमरीत होता. वीज गेली की तोही जायचा. फोन आठवड्यातून एकदा पूर्ण बंद करून चालू करा, असं अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने सुचवलं तेही याच कारणाने.

आठवड्याने काकांची पुन्हा हाक, या वेळी घाबरलेली. लॅपटॉप भोंग्यासारखा किंचाळत होता. पूर्ण पडद्यावर लाल रंग, ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे’ आणि खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर. काकांनी तो पेपरच्या कोपऱ्यावर उतरवूनही घेतला होता. फोन आत चार्जिंगला होता म्हणून लावायचा राहिला, एवढंच.

तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपान, पडदाभर पसरलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरून बघावं, नाहीतर ऑल्ट आणि एफ-४. तेही नाही जमलं तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. मी तेच केलं.

पण काकांनी नंबर लावला असता आणि पलीकडच्या गोड आवाजाच्या सांगण्यावरून पडद्याचा ताबा देणारं ॲप टाकलं असतं, तर रीस्टार्ट कामाचं नव्हतं. ते ॲप संगणक सुरू होताच पुन्हा हजर होतं. मग आधी वायफाय तोडायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत रोखता येते, म्हणून इथे एकेक मिनिट मोलाचं.

लॅपटॉप सुरू झाला. ब्राउझर उघडला तर त्याने विचारलं, आधीची पानं परत उघडू का? काकांचं बोट ‘हो’कडे निघालंच होतं. मी मनगट धरलं.

‘अरे, पण मी बातमी वाचत होतो तिथे!’

‘काका, ती उद्या पेपरात वाचा.’