थांब म्हटल्यावर थांबणारी पेशी

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण इतके, की नागपूरच्या लॅबमध्ये काम करणाऱ्याला विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी रोजच्याच होऊन जातात. माझी नजर मात्र काचपट्टीवर त्यांच्या शेजारच्या पेशीवर अडते. गोल, फिकट गुलाबी, आणि आत शाईच्या थेंबासारखं गर्द केंद्रक. एरवी लाल पेशी अस्थिमज्जेतच केंद्रक टाकून रक्तात उतरते. तिच्यात मग जनुकंच उरत नाहीत. ही घाईघाईत, केंद्रकासकट बाहेर पडलेली असते.

घाई कसली? निरोगी लाल पेशी 120 दिवस जगते, सिकलसेलमधली जेमतेम 10 ते 20. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडाला ऑक्सिजनची चणचण जाणवते आणि तिथून एरिथ्रोपोएटिन नावाचं सायटोकाइन, म्हणजे पेशींना निरोप देणारं प्रथिन, सुटतं. ही चणचण पेशीला कळते कशी, ते शोधणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. रक्तात एरिथ्रोपोएटिन अगदी कणभर असतं. 1977 साली गोल्डवासर आणि मियाके यांनी ते पहिल्यांदा शुद्ध केलं, तेव्हा रुग्णांच्या 2550 लिटर लघवीतून हाती आले काही मिलिग्रॅम! एवढ्याशा निरोपावर माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे 20 लाख लाल पेशी तयार होतात.

मज्जेतल्या कोवळ्या पेशीच्या अंगावर हा निरोप घेणारे ग्राही असतात. ग्राहीचं जनुक चालू ठेवायचं काम गाटा-1 या प्रथिनाचं. एरिथ्रोपोएटिन ग्राहीला चिकटलं की आतल्या बाजूचं जॅक-2 हे प्रथिन जागं होतं, ते स्टॅट-5 या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडतं आणि स्टॅट-5 केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. त्यातली काही पेशीला मरू देत नाहीत, आणि हेच या निरोपाचं मुख्य काम. तो आला नाही तर बहुतेक कोवळ्या पेशी आपणहून मरतात.

मला सगळ्यात सुंदर वाटते ती पुढची गोष्ट. तोच स्टॅट-5 सिस आणि सॉक्स ही प्रथिनं बनवणारी जनुकंही चालू करतो, आणि ही प्रथिनं येऊन ग्राहीलाच गप्प करतात. आपल्या कूलरच्या टाकीतला फ्लोट आठवा. पाणी चढतं, चढणारं पाणीच फ्लोट उचलतं आणि स्वतःची वाट बंद करतं.

फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टुरांटा याने 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. जनुकीय बदलामुळे त्याच्या ग्राहीचं शेपूट जन्मतःच आखूड होतं आणि लगाम लागण्याची जागा नेमकी त्या शेपटात असते. त्याचं रक्त दाट होतं, पण कर्करोग नव्हता. फ्लोट मोडका असला तरी नळ सोडायला एरिथ्रोपोएटिन लागतच होतं.

जॅक-2 बिघडलं की मात्र नळ आपोआप वाहू लागतो. 2005 साली दिसलं, की पॉलिसायथेमिया व्हेरा या रक्ताच्या कर्करोगात सुमारे 95 टक्के रुग्णांच्या जॅक-2 मध्ये 617 व्या जागी व्हॅलिनऐवजी फिनाइलअ‍ॅलानिन बसलेलं असतं. एका अमिनो आम्लाचा फरक! मग पेशी निरोपावाचूनही वाढत राहते. लाल पेशींच्या पूर्वजांमधून होणारा एरिथ्रॉइड ल्युकेमिया दुर्मीळ आणि फार जहाल. त्यात काही रुग्णांमध्ये ग्राहीच्या किंवा जॅक-2 च्या जनुकाच्या जादा प्रती सापडतात, म्हणजे थोड्याशा निरोपाचाही मोठा गलका. तिथल्या पेशी कोवळ्याच राहतात, हिमोग्लोबिन भरून, केंद्रक टाकून मोठ्या होतच नाहीत. जॅक रोखणारं रुक्सोलिटिनिब हे औषध 2011 पासून काही रक्तकर्करोगांत वापरात आहे. ते संदेश दाबतं, पण बिघडलेली पेशी मुळापासून काढत नाही.

पट्टीवर केंद्रकवाल्या पेशी दिसल्या की घरचे घाबरून विचारतात, कॅन्सर तर नाही ना? सिकलसेलच्या मुलीची मज्जाही सुसाट धावत असते, हे खरं. पण तिला रक्त चढवलं, मूत्रपिंडाची चणचण मिटली, की काही दिवसांनी घेतलेल्या पट्टीत त्या पेशी विरळ झालेल्या दिसतात. ल्युकेमियातल्या पेशींना रक्ताच्या चार पिशव्या चढवल्याचा पत्ताही लागत नाही.