बांगडा कितीही उकळा, हिस्टामिन जात नाही

मराठवाड्यात कच्चा मासा कुणी खात नाही. नाथसागरातला रोहू असो, कटला असो की मरळ, येसर घालून रश्श्याला दणकून उकळी येईपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. "शिजलं की झालं" हा आपला भरवसा जंतूंच्या बाबतीत बऱ्यापैकी खराही आहे. साल्मोनेला, व्हिब्रिओ, लिस्टेरिया हे सगळे उकळत्या रश्श्यात मरतात.

हा भरवसा फसतो तो मुंबईकडून बर्फात येणाऱ्या बांगड्यापाशी. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला आणि वाटेत बर्फ वितळला, की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जीवाणू त्याचं हिस्टामिन नावाचं बाधणारं रसायन करतात. नंतर तळा, उकळा, नाहीतर फ्रीजरमध्ये ठेवा: जीवाणू मरतील किंवा थंडावतील, हिस्टामिन तसंच राहील. जेवणानंतर बहुधा तासाभरातच चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. याला सर्रास माशाची ॲलर्जी समजलं जातं आणि बिचारा माणूस जन्मभर मासे सोडतो. खरं तर त्या एका खेपेच्या बर्फाने दगा दिलेला असतो.

म्हणूनच युरोपीय संघाचा नियम स्वयंपाकघराच्या अलीकडे लागू होतो. एका खेपेतले नऊ मासे तपासायचे. त्यांची सरासरी किलोमागे 100 मिलिग्रॅम हिस्टामिनच्या वर जाता कामा नये. फार तर दोन मासे 100 ते 200च्या दरम्यान चालतील, पण एकही 200च्या पुढे गेला की खेप बाद. एवढे मासे का? कारण एकाच क्रेटमध्ये वरचा बांगडा बिघडलेला आणि बर्फात दबलेला खालचा ठणठणीत, असं सहज होतं.

जे पदार्थ न शिजवता थेट ताटात येतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे खरी धास्ती लिस्टेरियाची, कारण हा फ्रीजच्या थंडीतही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी नावाच्या तयार सॉसेजमधून तो पसरला आणि दोनशेहून जास्त माणसं दगावली. गरोदर बायका आणि नवजात बाळं याला जास्त बळी पडतात. याच जंतूबद्दल देशांची मतं मात्र जुळत नाहीत. अमेरिकेत 25 ग्रॅम नमुन्यात एक जरी सापडला तरी माल परत. युरोपचा 2005चा नियम म्हणतो, ग्रॅमला 100पर्यंत चालेल, पण वापराच्या शेवटच्या तारखेपर्यंत आकडा त्यापुढे जाणार नाही हे उत्पादकाने सिद्ध करावं. ते जमत नसेल तर हा जंतू 25 ग्रॅममध्ये दिसताच कामा नये. मला युरोपची पद्धत जास्त पटते. आज किती जंतू आहेत यापेक्षा खाण्याच्या दिवशी किती असतील, हा प्रश्न ती विचारते.

कच्चा मासा आवडीने खाणाऱ्या जपानचं दुखणं निराळं. 1950 मध्ये ओसाकात शिरासू नावाच्या बारीक मासळीतून विषबाधा होऊन 20 माणसं गेली. त्या तपासातून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जंतू सापडला. 2001 मध्ये जपानने कच्च्या खायच्या मासळीसाठी दोन अटी घातल्या: ग्रॅममागे हा जंतू 100च्या आत आणि साठवण 10 अंशांच्या खाली. दुसरी अट नसती तर पहिलीला फारसा अर्थ उरला नसता, कारण ऊब मिळाली की हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. परभणीच्या मे महिन्यातली 43 अंशांची दुपार डोळ्यांपुढे आणा!

नुसत्या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही, याचं साधं गणित आहे. शंभरातली पाच पाकिटं दूषित असतील आणि तुम्ही पाचच उघडली, तर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता 77 टक्के! त्यामुळे 1997च्या डिसेंबरपासून अमेरिकेने मासळी उद्योगाला हॅसप पद्धत सक्तीची केली. यात माल कुठे बिघडू शकतो ती ठिकाणं आधीच हेरायची, तिथे तापमान आणि वेळ मोजायची आणि नोंद ठेवायची.

आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नमुना मिळाल्यापासून 14 दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यायचा असतो. आठवडी बाजारातला बांगडा तोवर कधीच पचलेला असतो, किंवा बाधलेला. आपल्याकडे डोळ्यांनी पाळता येईल असा एक नियम मात्र आहे. महाराष्ट्रात 2018 पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, कारण गोठवल्याने पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत. उसाच्या रसात पडणारा बर्फ निळसर दिसला, तर ग्लास तिथेच ठेवून द्यावा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावं.