दाढ, जबडा आणि हाडांचं इंजेक्शन

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती आपल्याकडे अजून टिकून आहे. तिला काडीचाही आधार नाही; दातांच्या नसा वेगळ्या, दृष्टीची नस वेगळी. पण कर्करोगाच्या काही रुग्णांनी दाढ काढण्याआधी खरोखरच थांबायला हवं, आणि त्याबद्दल मात्र घरात कुणी बोलत नाही.

स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की बहुधा झोलेड्रॉनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू होतात. हाडं मोडणं टळतं, दुखणं कमी होतं. 2003 मध्ये मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी या गटातली, म्हणजे बिस्फॉस्फोनेट, औषधं घेणारे 36 रुग्ण नोंदवले. त्यांच्या जबड्याचं हाड हिरडीतून उघडं पडलं होतं आणि जखम भरत नव्हती.

बळकटीचं औषध आणि हाड मेलं, हे कसं? हाड जन्मभर मोडत आणि बांधलं जात असतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, मागून ऑस्टिओब्लास्ट नवं भरतात. जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, तसंच हे. हाडात शिरलेला कर्करोग खरवडणाऱ्यांना चिथावतो, म्हणून औषध त्यांनाच गाठतं.

ते कसं गाठतं, हा यातला सर्वांत देखणा भाग. शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा रेणू असतो: दोन फॉस्फेट, मध्ये ऑक्सिजनचा दुवा. तो दुवा विकरं (एन्झाइम) सहज तोडतात. औषधात ऑक्सिजनच्या जागी कार्बन आहे आणि तो त्यांना तुटत नाही. फॉस्फेटला कॅल्शियमची ओढ, त्यामुळे औषध थेट हाडावर जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. ऑस्टिओक्लास्ट हाड विरघळवताना ते गिळतो. आत फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर बंद पडतं (कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या याच साखळीत वरच्या टप्प्यावर काम करतात). मग रास, ऱ्हो अशा प्रथिनांना मेदाची शेपटी मिळत नाही, ती पेशीपटलाला चिकटू शकत नाहीत, हाडाला भिडणारी पेशीची झालरदार कड मोडते आणि पेशी मरते.

आता जबडा. चावण्याच्या ताणामुळे दातांभोवतालचं हाड सतत नव्याने घडत असतं. वर पातळ हिरडी, पलीकडे जंतूंची वस्ती. दाढ काढल्यावरचा खड्डा भरायला आधी खरवडणारे हवेत, तेच नसतात. खालच्या जबड्यात हे जास्त दिसतं. जबड्याला रेडिएशन दिलेलं नसताना हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडं राहिलं, तर औषधामुळे जबड्याचं हाड मेल्याचं निदान होतं.

कर्करोगाच्या रुग्णांतही हे प्रमाण साधारण 5 टक्क्यांच्या आतच आहे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आजी आठवड्याला याच गटातली एक गोळी घेते, तिचा धोका त्याहून कितीतरी कमी. कुणाचा फॉरवर्ड वाचून ती बंद करू नये. पहिल्या इंजेक्शनआधी मात्र दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावं, काढायचे दात तेव्हाच काढावेत. नंतर शक्य तिथे रूट कॅनालवर भागवतात. डेनोसुमॅब हे नवं औषध हाडात साठत नाही, थांबवल्यावर त्याचा परिणाम काही महिन्यांत ओसरतो. पण तेही ऑस्टिओक्लास्टच रोखतं, आणि त्यानेही जबडा बिघडतो.